मामीची मूठ

"घ्या, तुमीच वास घ्या आन् सांगा ह्याला काय म्हणायचं ते."

महादबा हावळांनी बरणी माझ्या नाकासमोर धरली. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतलं त्यांचं किराण्याचं दुकान म्हणजे आमच्या लोणच्याचं घाटावरचं मोठं गिऱ्हाईक. त्यांनी झाकण जरा सैल केलं तर फुस्स करून आवाज आला. पाठोपाठ असा आंबूस भपकारा आला की मी तोंड फिरवलं. तेलावर पांढरा मऊ थर धरला होता आणि त्याखाली फोडी गाळात बसल्यासारख्या दिसत होत्या.

"एखादी निघते हो अशी," मी म्हटलं. विक्रीच्या कामात माझं तोंड आधी चालायचं, डोकं मागाहून यायचं.

"एखादी? या की आत, दावतो."

आत गूळ आणि पेंडीच्या पोत्यांशेजारी त्यांनी आमच्या बरण्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. काहींची झाकणं वर आली होती, काहींतून तेल गळून लेबलं भिजली होती. लेबलावर एका बाईची मिटलेली मूठ छापलेली असे आणि खाली 'द्वारका लोणची, लांजे' हे नाव. त्या मुठींवरून तेल ओघळत होतं.

"मोरूशेट, आवो तुमचं लोणचं म्हटलं की मी गिऱ्हाइकाला चव बघा म्हणत न्हवतो कधी. चार माणसांत मान खाली घालायला लावली तुमी," हावळ म्हणाले. त्यांचा आवाज चढला असता तर मी काहीतरी थाप मारून वेळ निभावली असती. पण ते हळू बोलत होते. मी गुपचूप बरण्या मेटॅडोरमध्ये भरल्या आणि आंबा घाटाची वाट धरली.

पुढे मी पुण्यात एका मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीत लागलो. तिथे बाहेरून विद्वान माणसं येत आणि कंपन्या चुका कुठे करतात यावर आम्हाला दिवसभर शिकवत. जेवण चांगलं असे. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकायचो आणि मला दरवेळी त्या मेटॅडोरमधला वास यायचा.

द्वारका म्हणजे माझी मामी. मामा लवकर गेला तेव्हा तिचा मुलगा पदूदादा शाळेत होता आणि आई नसलेला मी त्याच घरात वाढत होतो. दोन पोरांची पोटं भरायला मामीने शेजारपाजाऱ्यांना लोणचं घालून द्यायला सुरुवात केली. पुढे त्याचीच कंपनी झाली. मागच्या अंगणात पत्र्याची मोठी शेड आली, निळी पिंपं आली, बायका कामाला आल्या. पदूदादा बी.कॉम. होऊन हिशेब बघू लागला आणि मी गाडी घेऊन घाटावर फिरू लागलो. सगळं बदललं, पण मीठ मात्र मामीच घालायची.

चैत्र संपता संपता कैऱ्या यायच्या. त्यांच्या फोडी करून त्या पिंपात मिठात मुरवून ठेवायच्या आणि मग वर्षभर मागणीप्रमाणे त्यांना मोहरीचा मसाला लावून बरण्या भरायच्या, अशी आमची पद्धत. सगळं वर्ष त्या मिठावर उभं. मीठ घालायच्या दिवशी मामी पहाटे अंघोळ करून शेडमध्ये जायची. देवीची नावं एकेक करून घ्यायची आणि प्रत्येक नावाला खडेमिठाची एक मूठ पिंपात सोडायची. नावं संपली की मीठ पुरलं. कोणी चाखून बघायचं नाही, कारण पहिली बरणी देवीपुढे ठेवल्याशिवाय लोणच्याला जीभ लावणं म्हणजे देवीला उष्टं दाखवणं. त्या फोडींना कधी काही झालं नव्हतं. दुकानदारही भाविक असल्यासारखे मामीच्या मुठीबद्दल बोलत, आणि मी गाडीतून ती मूठच विकत होतो म्हणा ना.

शेडमध्ये पिंपांपाशी जायची परवानगी मामीखेरीज एकीलाच होती, सुगंधाला. खालच्या वाडीतली कुणब्याची पोर. लहानपणी आईबरोबर कैऱ्या धुवायला यायची ती मामीने ठेवून घेतली. लग्न होऊन ती वाडीतच राहिली, त्यामुळे येणं सुटलं नाही. फोडींनी किती उन्हं खाल्ली, खार कधी हलवायचा, हे मामीने तिला स्वतःजवळ बसवून शिकवलं होतं. तिच्यावर खेकसायची सगळ्यांत जास्त आणि ताकातला लोण्याचा गोळाही तिलाच द्यायची. महिन्याचे चार दिवस तेवढी सुगंधा यायची नाही. ते कोणी सांगावं लागत नव्हतं.

मी लांज्यात पोचलो तेव्हा मामी पडवीत बसली होती. एक बरणी तिच्यापुढे ठेवली. तिने झाकण उघडलं, वास घेतला आणि काडीने फोडी तळापर्यंत वरखाली केल्या. पदूदादा खांबाला टेकून उभा होता.

"पाण्याचा हात लागला असेल गं," तो म्हणाला. "बरण्या नीट सुकल्या नसतील."

"पाण्याने वरचा थर जातो," मामी म्हणाली. "हे तळापासून गेलंय."

मग ती उठून शेडमध्ये गेली. आम्ही मागोमाग. तिने एक पिंप उघडलं, दुसरं उघडलं. दोन्हींवर तसाच पांढरा थर. तिसरं उघडायला तिचा हात पुढे झाला आणि तसाच मागे आला. मी तिला मामा गेला तेव्हा पाहिलं होतं. तेव्हासुद्धा ती इतकी पांढरी पडली नव्हती.

"हे शिवलेलं आहे," ती म्हणाली. "मोऱ्या, सुगंधाला हाक मार."

सुगंधा मोहरी पाखडत होती. ती हात झटकत पडवीत आली आणि बरण्या बघून थबकली. मामी तिच्याकडे न बघता म्हणाली, "बस."

सुगंधा बसली नाही.

"इतकी वर्षं माझ्या हाताखाली काढलीस तू. मी तुला कधी खोटं बोलताना पकडलं नाही. आता एकच विचारते. बाजूला असताना पिंपांपाशी गेली होतीस?"

मला हसूच येणार होतं. सुगंधा आणि असं काही? ती पटकन 'नाय ओ काकी' म्हणेल, मामी दोन शिव्या देईल आणि मग आपण बरणीवाल्याला, तेलवाल्याला धरू, असं मी मनात जुळवूनही टाकलं होतं. पण सुगंधा बोलेना. तिने एकदा पदूदादाकडे पाहिलं. मग शेडच्या दाराकडे पाहिलं, जरा वेळ काहीतरी हिशेब करत असल्यासारखं. मग खाली बघत ती म्हणाली, "गेले व्हते."

"कधी?"

सुगंधा पदराला चिकटलेले मोहरीचे दाणे वेचू लागली.

"किती पिंपांना शिवलीस?"

"ता नाय सांगायची, काकी."

"नाही सांगायचं?" मामीचा आवाज चिरकला. "माझं सगळं वर्ष मातीत घातलंस आणि सांगायचं नाही? कशाला गेलीस ते तरी सांग. मी तुला काय कमी केलं होतं?"

सुगंधाचे डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत. मी पदूदादाला म्हटलं, "अरे, तू तरी बोल." तो खांबाचा रंग नखाने खरवडत होता.

"आई, जाऊ दे ना आता," तो एवढंच म्हणाला.

"जाऊ दे," मामी म्हणाली. "जाऊ दे तिला. उद्यापासून येऊ नकोस गं. पायरी चढू नकोस माझी."

सुगंधाने पदर खोचला, पाखडायचं सूप उचलून जागेवर ठेवलं आणि ती गेली. मामी तिथेच बसून राहिली. मला त्या दोघींची इतकी कीव आली की मी मेटॅडोर धुवायच्या निमित्ताने बाहेर पडलो.

श्रावण उलटला तो नुसता परत आलेल्या बरण्या उतरवण्यात. इचलकरंजी, कऱ्हाड, सातारा, जिथे जिथे मी छाती पुढे काढून माल उतरवला होता तिथून तो मान खाली घालून परत भरत होतो. पुण्याच्या वितरकाने तर मला चहासुद्धा विचारला नाही. फाटकाबाहेर उभं करून म्हणाला, पुढच्या वर्षी येऊ नका. शेडमागे खड्डा खणला होता. जे पिंप बिघडेल ते त्यात ओतायचं, वर माती टाकायची, दुसऱ्या दिवशी पुढचं. लांजे बाजारपेठेपर्यंत वास जायचा. लोक नाक धरून विचारायचे, "काय रे, आज किती गेली?" जणू घरात मयत झालं आहे आणि चौकशीला आले आहेत.

आणि सगळ्यांना कारण ठाऊक होतं. सुगंधाने नासवलं. वाडीतल्या बायकांनी तिला पापड लाटायला बोलावणं बंद केलं. कोणाच्या तरी मंगळागौरीला ती डाळ वाटायला बसली तर तिच्या हातातून वरवंटा काढून घेतला म्हणे. मग कळलं, ती काजूच्या कारखान्यात जायला लागली. मामीसमोर मी ते मुद्दाम मोठ्याने सांगितलं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण त्या दिवशी ती जेवायला बसली आणि भात नुसता चिवडून उठली.

गणपतीच्या आधीची गोष्ट. मी आणि पदूदादा उरलेली पिंपं रिकामी करत होतो. एकेक उघडायचं, वास घ्यायचा, कलंडायचं, असा आमचा हात बसला होता. उत्तरेच्या भिंतीकडच्या शेवटच्या चार पिंपांपाशी आलो. मी पहिल्याचं झाकण उघडलं आणि सवयीने तोंड फिरवलं. पण वास आला तो लहानपणी या शेडमध्ये यायचा तो. वाकून पाहिलं तर खार स्वच्छ, फोडी कशा टणक, नखाने टोचल्या तर करकरीत. दुसरं उघडलं, तेही तसंच. चारही तशीच.

"दादा! अरे ही चांगली आहेत!" मी ओरडलो.

पदूदादा पिंपांकडे बघेना. तो जमिनीवर उकिडवा बसला.

"झाकण लाव," तो म्हणाला. "आईला सांगू नकोस."

"सांगू नकोस काय? चार पिंपं वाचलीत आपली. ही का वाचली?"

"मला काय ठाऊक का वाचली!" तो एकदम खेकसला. मग त्याचा आवाज बसला. "ही सुगंधाने घातलेली आहेत."

मला कळायला वेळ लागला. मग त्याने सांगितलं. फाल्गुनात मामी विहिरीच्या पायरीवरून घसरली होती आणि तिचं उजवं मनगट मोडलं होतं, हे मला माहीत होतं. कैऱ्यांच्या मोसमाच्या तोंडावर प्लॅस्टर निघालं आणि मामीने हट्टाने मीठ घालायला घेतलं. मग एके दिवशी हात तपासायला ती रत्नागिरीला गेली. डॉक्टर म्हणाले, उद्या पुन्हा दाखवा. ती बहिणीकडे राहिली. इकडे चार पिंपांच्या फोडी चिरून पडलेल्या, त्या काळ्या पडायला लागलेल्या.

"मी वाडीत जाऊन सुगंधाला बोलावून आणलं. ती म्हणाली, दादा, मी आज बाजूला आहे. मी म्हटलं, असलं काही नसतं गं. आई यायच्या आत उरकून टाक, कोणाला कळतंय. ती नको नकोच म्हणत होती. मी तिला ओरडलो, तेव्हा तिने अंघोळ केली आणि मीठ घातलं."

"असलं काही नसतं," मी म्हटलं. "आणि त्या दिवशी ती पडवीत उभी होती तेव्हा? तेव्हा काय होतं?"

त्याने गुडघ्यांत मान घातली.

"बी.कॉम. झालास ना रे तू? कंपनीचा मालक म्हणवतोस ना?"

"आईपुढे माझं तोंड उघडत नाही, मोरू. तुझं तरी कुठे उघडतं?"

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खरंच वाटली. पण तो रडत होता आणि चाळिशीचा माणूस रडताना बघणं भयंकर असतं. मी झाकणं लावत राहिलो आणि लावता लावता डोक्यात घण बसल्यासारखं झालं. शिवल्याने नासतं म्हणावं, तर नेमकं शिवलेलंच टिकलं होतं. मग बाकीच्या पिंपांत वेगळं काय होतं? कैऱ्या त्याच. मीठ त्याच पोत्यांतलं. वेगळा होता तो फक्त हात.

मामी अलीकडे वाटी दोन्ही हातांनी धरायची. वेणी घालायला शेजारच्या मुलीला बोलवायची. पाटावर बसली की तिच्या ताटाभोवती शितं सांडलेली असायची. आम्ही सगळे एका घरात राहत होतो आणि हे सगळं रोज बघत होतो. आणि मोसमात ती देवीची नावं घेत होती तेव्हा आम्ही दाराबाहेर हात जोडून उभे होतो. नावं तेवढीच होती. मूठ लहान झाली होती.

मी परातीत खडेमीठ घेतलं आणि मामीपुढे नेऊन ठेवलं. ती माजघरात वाती वळत होती, डाव्या हाताने.

"मामी, एक मूठ काढ बघू."

"कशाला रे?"

"काढ तर."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग परातीकडे. मला वाटलं, आता खूप बोलेल. तिने हात मिठात घातला. बोटं पुरती पसरेनात. तिने मूठ वळली, तर ती मिटेना. उचलता उचलता बोटांच्या फटींतून खडे टपटपत खाली पडले आणि तळहातावर राहिलं ते एखाद्या लहान पोराच्या मुठीएवढं.

तिने ते सावकाश परातीत सोडलं.

"मूठ भरत नव्हती हे कळत होतं मला," ती म्हणाली. "पण वाटलं, नावं तर सगळी घेतली ना. एकही गाळलं नाही."

"बोलायचं होतंस मामी. एक शब्द बोलायचा होतास."

"काय बोलू? हात चालत नाही म्हणाले असते तर पदूने दुसऱ्या दिवशी वजनाचा काटा आणला असता. मीठ काट्यावर गेलं की मग माझं काय काम रे ह्या घरात? वाती वळू नुसत्या?" तिने हात पदराखाली घेतला. "आणि मला खरंच वाटलं की ती शिवली म्हणूनच गेलं. तिने कबूल केलं तेव्हा बरं वाटलं मला, मोऱ्या. इतकं बरं वाटलं, काय सांगू तुला."

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की मला पुढचं सांगवेना. पण सांगावं लागलं. भिंतीकडच्या चार पिंपांचं सांगितलं, ती कोणी घातली, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या दिवशी घातली तेही सांगितलं. पदूदादा दारात येऊन उभा होता. मामीने त्याच्याकडे पाहिलं.

"तू तिथेच उभा होतास ना रे?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. मामी त्याला पुढे एक अक्षर बोलली नाही, ना त्या दिवशी, ना नंतर कधी त्या विषयावर. आमची कंपनी त्या वर्षी बुडाली असं लोक म्हणतात. मी सांगतो, ती त्या दारातच बुडाली. माल काय, माल पुन्हा घातला असता.

"गाडी काढ," मामी मला म्हणाली.

खालच्या वाडीत मामी त्याआधी कधी गेली नव्हती. तिकडची माणसं आमच्याकडे यायची, आमचं तिकडे काही काम नसायचं. मेटॅडोर आंब्याखाली उभी केली आणि पुढची वाट चालत उतरलो. मामीने माझा दंड धरला होता. वाटेत बायका दारात येऊन बघत होत्या.

सुगंधा पडवीच्या एका टोकाला गोणपाट टाकून बसली होती. ताट-तांब्या वेगळा ठेवलेला. मामीला बघून ती उठली आणि भिंतीला सरकली.

"काकी, थयंच बसा. मी बाजूला हाय."

मामी पायरीवर टेकली. वाटेने दमली होती. पाणी हवं होतं, पण तिथे ते कोण कोणाला देणार, म्हणून कोणी विचारलं नाही.

"तुझी पिंपं चांगली निघाली," मामी म्हणाली.

सुगंधाने माझ्याकडे पाहिलं. "निघनारच व्हती. मीठ बरोबर पडला व्हता."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस? पदूने करायला लावलं असं का नाही म्हणालीस? निदान कुठली पिंपं ते तरी सांगायचंस. मी विचारत होते ना तुला, सारखी विचारत होते."

सुगंधा रागावलेली दिसत नव्हती. रागावली असती तर आम्हाला सोपं गेलं असतं.

"सांगितला असता तर तुमी काय केला असता काकी?" ती म्हणाली. "ती चार आदी वतून टाकली असतीत. बाकीची जानारच व्हती, ता मना दिसत व्हता. म्हटला, येवढी तरी ऱ्हाऊ देत घरात."

अगदी खरं होतं ते. मामीने त्याच संध्याकाळी, स्वतः उभी राहून, ती चार पिंपं आधी ओतायला लावली असती.

"परत चल," मामी म्हणाली. तिच्या तोंडून विनंतीचा सूर मी पहिल्यांदा ऐकला. "माझा हात गेला. आता मीठ तू घालायचंस. मी बाजूला बसून नावं घेईन."

सुगंधाने दोन्ही तळहात उलटे करून पुढे धरले. काजूच्या टरफलाचं तेल किती वाईट ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. नव्या माणसाला तर ते आधी खातं. तिची बोटं काळी पडली होती. तळव्यांची सालं निघून खालचं लालभडक मांस दिसत होतं. कारखान्यात बायका हाताला राख लावतात, ती चिरांत भरून बसली होती.

"भाकरीच्या पिठात पन मीठ घालीत नाय मी आता," ती म्हणाली. "आग व्हते."

मामी उठली. मला वाटलं निघाली. पण ती पडवी चढली आणि सुगंधासमोर जाऊन तिने तिचे ते दोन्ही हात धरले. एका हाताने धड धरता येत नव्हतं, तरी धरले.

"काकी! शिवलात!" सुगंधा म्हणाली.

"असू दे."

"मी बाजूला हाय म्हनून सांगितला ना."

"असू दे गं. असू दे," मामी म्हणत राहिली आणि रडायला लागली. मामा गेला तेव्हा ती रडली नव्हती, खड्ड्यात पिंपं ओतताना रडली नव्हती. मी पुढे झालो, पण ती सुगंधाचे हात सोडेना.

सुगंधाने सावकाश, मामीच्या दुखऱ्या मनगटाला धक्का लागू न देता, आपला एक हात सोडवून घेतला. मग दुसरा.

"घराकडे जावन आंघोळ करा काकी," ती म्हणाली. "फुडं काय नासला, तर परत माझ्या नावावर नको."

त्या दिवशी घरी आल्यावर मामीने अंघोळ केली नाही. तशीच ती स्वयंपाकघरात गेली, तशीच देवापुढे बसली, आणि तसाच तिने आमच्या पानात भात वाढला. पदूदादा नुसता बघत राहिला. पण सुगंधाला ते दिसलं नाही, आणि वाडीत जाऊन तिला ते सांगण्याचं तोंड आमच्यापैकी कोणालाही उरलं नव्हतं.